कॉईलचा रेझिस्टन्स ०.६ ओहम की ०.२५? रेझिन ओतायच्या आधी नक्की करायचंय

व्हाळाकाठी

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याला आमचं घर आहे. पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. सोलर बसवून बघितलं, पण जुलैतल्या ढगांपुढे त्याचं काही चालत नाही. घरामागच्या व्हाळाला मात्र मिरगापासून मार्गशीर्षापर्यंत पाणी असतं. बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं, सेकंदाला ३ लिटर येतं. वरच्या कोंडीपासून खालच्या खडकापर्यंत उतार ६ मीटर. ९.८१ गुणिले ३ गुणिले ६ म्हणजे १७६ वॅट. निम्मे हाती लागले तरी ८८ वॅट झाले. तेवढ्यात चार दिवे, आईच्या खोलीतला पंखा आणि फोन आरामात चालतील.

जनित्र घरीच बनवतोय. दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर १२ निओडिमियम चुंबक, मध्ये ९ कॉइलींचा स्टेटर, म्हणजे न फिरणारी चकती. १८ गेजची तार, लाकडी फर्म्यावर प्रत्येकी ७० वेढे. नऊही कॉइली गुंडाळून झाल्या आहेत.

आता अडचण सांगतो. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून मोजलं तर बहुतेक कॉइली ०.६ दाखवतात, एक ०.७ आणि दोन ०.५. तीन-तीन कॉइली सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडून तीन फेज करणार आणि त्यांची एकेक टोकं एकत्र बांधून स्टार करणार आहे, म्हणजे करंटच्या वाटेत एकावेळी सहा कॉइली, ३.६ ओहम. १२ व्होल्टच्या बॅटरीत ५ अँपिअर भरायचे तर ५ गुणिले ५ गुणिले ३.६, म्हणजे ९० वॅट नुसत्या कॉइलीच खाणार. व्हाळ देतो त्याहून जास्त!

पण कागदावर वेगळंच येतं. एका वेढ्याची सरासरी लांबी २४ सेंटिमीटर, ७० वेढ्यांचे १६.८ मीटर. तक्त्यात १८ गेजला मीटरमागे ०.०१४८ ओहम दिलेत, म्हणजे कॉईल ०.२५ ची हवी. मीटर खरा की तक्ता? स्टेटरवर एकदा रेझिन ओतलं की आतलं काही बदलता येणार नाही. मिरगाच्या आधी बसवायचंय, म्हणून घाई.

घाटावरचा

मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय दाखवतो ते आधी सांगा.

व्हाळाकाठी

०.४. कधी ०.३.

घाटावरचा

झालं तर मग, उत्तर तुमच्या हातातच आहे. ०.६ मधून वायरींचे ०.४ वजा करा, उरले ०.२. तक्त्याच्या जवळच आलात.

अनुजा

घाटावरचा, दिशा बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. या मीटरचा शेवटचा अंक ०.१ चा, आणि तो दोन-तीन आकडे इकडेतिकडे होऊ शकतो हे त्याच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. म्हणजे संभाव्य चूक ०.२ ते ०.३ ओहम, आणि मोजायची वस्तू ०.२५ ची! किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर मंगळसूत्राचे मणी मोजण्यासारखं आहे हे. शिवाय पिना किती जोरात दाबल्या, तारेवर वार्निश राहिलंय का, यानेही ०.१ सहज हलतो.

मूळ कारण असं की ओहमच्या रेंजवर मीटर कॉईलमधून जेमतेम एखादा मिलिअँपिअर सोडतो. त्या करंटला ०.२५ ओहमवर पाव मिलिव्होल्ट पडतं, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींवर त्याहून जास्त.

यावर उपाय चार तारांची पद्धत. दोन तारांनी करंट पाठवायचा, दुसऱ्या दोन तारांनी फक्त व्होल्टेज वाचायचं. व्होल्टेज वाचणाऱ्या तारांतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांचा आणि पिनांचा रेझिस्टन्स हिशेबात येत नाही. १२ व्होल्टची बॅटरी घ्या, सिरीजमध्ये मोटारसायकलचा बल्ब लावा म्हणजे करंट आटोक्यात राहील. दुसरा मीटर अँपिअरवर. कॉईलवरचे मिलिव्होल्ट भागिले अँपिअर, झाला रेझिस्टन्स.

निवृत्त मास्तर

अनुजाताईंनी नेमकं सांगितलं. पॉलिटेक्निकमध्ये वर्षानुवर्षं मुलांकडून केल्व्हिनचा डबल ब्रिज, म्हणजे अगदी कमी रेझिस्टन्स मोजायची जोडणी, करून घेतला, तो याचसाठी. साधी जोडणी, व्हीटस्टन ब्रिज, एक ओहमच्या वरच्या मापांना चांगला, त्याखाली जोडणीच्या तारा गोंधळ घालतात. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी त्यावर तोड काढली. अटलांटिक समुद्राखालच्या तारेच्या कामात त्यांच्या लक्षात आलं होतं की वेगवेगळ्या कारखान्यांचं तांबं दिसायला सारखं असलं तरी वीज वाहून न्यायला सारखं नसतं. तेव्हापासून तारेचं तांबं मोजून घ्यायची शिस्त लागली.

व्हाळाकाठी, एक पथ्य कसोशीने पाळा. करंट देणारी क्लिप तारेच्या टोकाला लावा आणि मिलिव्होल्टची पिन तिच्या आत, कॉईलच्या बाजूला, उघड्या तांब्यावर टेकवा. क्लिपवर टेकवलीत तर क्लिप आणि तार यांच्यातला सांधाही मापात येईल आणि चार तारांची सगळी मेहनत वाया जाईल. माझ्याकडे दर वर्षी निम्मा वर्ग हीच चूक करायचा.

मोटारवाले

इचलकरंजीत २६ वर्षं विजेच्या मोटारी भरतोय, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतोय. आमच्या दुकानात मिलिओहम कोणी मोजत नाही, सरळ सांगतो. जुनी मोटार खोलली की एक ग्रुप कापून वेढे मोजायचे, तारेचा गेज मायक्रोमीटरने घ्यायचा, जुनं तांबं वजन करायचं आणि तेवढंच नवं भरायचं. वजन जुळलं तर वेढे जुळले. शेवटी टेस्ट लॅम्प, इन्सुलेशन तपासायचा मेगर, आणि तिन्ही फेज सारखा करंट घेतायत का ते बघायचं.

तुम्हीही प्रत्येक कॉईल वजन करून बघा. ओहमपेक्षा लवकर कळेल.

अनुजा

मोटारवाले काका, वजनाचं अगदी पटलं. हिशेबही करून टाकते. १८ गेज म्हणजे १.२१९ मि.मी., क्षेत्रफळ १.१६७ चौरस मि.मी. मीटरभर तार साधारण १०.४ ग्रॅम. १६.८ मीटरची कॉईल १७५ ग्रॅम भरायला हवी. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा पुरेल, एका वेढ्याचं वजन अडीच ग्रॅम येतं.

पण नुसत्या वजनाने एक गोष्ट कळणार नाही. आत दोन वेढ्यांचं वार्निश खरवडून शॉर्ट झालं असेल तर वजन तेच राहील.

दर्याकिनारी

वजनावरून आठवलं म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी पवनचक्कीसाठी तार आणली होती. स्वस्त मिळाली म्हणून खुशीत होतो. कॉईल हातात घेतली तर पिसासारखी हलकी, पण रंग तांब्याचा. पातीने खोल खरवडल्यावर आत चंदेरी निघाली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त येतो. तीन आठवड्यांचं काम भंगारात गेलं. तेव्हापासून रीळ घेतानाच मीटरभर तार मागून वजन करतो. तांब्याची घनता ८.९, ॲल्युमिनियमची २.७. इथे फसवणूक लपत नाही.

सौरभक्त

एवढं खोलात जायची खरंच गरज आहे का? रोटर, म्हणजे चुंबकांच्या चकत्या, फिरवा आणि प्रत्येक कॉईलचं व्होल्टेज मोजा. जिचे वेढे कमी तिचं व्होल्टेज कमी. रेझिस्टन्सच्या भानगडीतच पडू नका.

मोटारवाले

सौरभक्त, बरोबर आहे तुमचं, पण फिरवायचं कशावर? कॉइली अजून सुट्या आहेत. त्या साच्यात बसून रेझिन ओतल्यावर फिरवाल, आणि तेव्हा कळून उपयोग काय? पुन्हा छिन्नी घेऊन बसायचं?

सौरभक्त

तात्पुरत्या प्लायवर दोऱ्याने बांधून फिरवता येतील की. मी तसं केलंय.

मोटारवाले

करा, पण जपून. निओडिमियमच्या दोन चकत्यांमध्ये सुटी कॉईल एक मिलिमीटर वर आली तरी घासून वार्निश जाईल. आधी सुटं मोजून घेणं बरं.

व्हाळाकाठी

सगळ्यांचे आभार. अनुजाताईंच्या पद्धतीने करायला बसलो, पण अँपिअर मोजायला दुसरा मीटर नाही आणि या मीटरचा १० अँपिअरचा खाचा जळलेला आहे. एका मीटरवर भागेल का?

अनुजा

भागेल, आणि खरं सांगू का, जास्त चांगलं होईल! नऊही कॉइली एका माळेत, सिरीजमध्ये जोडा. बॅटरी, बल्ब आणि कॉइलींची माळ. सगळ्यांमधून तोच करंट जाणार, तो किती हे कळायचीसुद्धा गरज नाही. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि एकेका कॉईलवर पिना टेकवत जा. सगळ्या सारख्या असतील तर सगळीकडे तोच आकडा येईल. मीटर थोडा चुकत असेल तर नऊही ठिकाणी सारखाच चुकेल. तुम्हाला तुलना हवी आहे, आणि तुलनेला साधा मीटरही फार सूक्ष्म असतो. १०० मिलिव्होल्टच्या आसपास तो ०.१ चा फरक दाखवतो, म्हणजे हजारात एक.

बल्ब ५ वॅटचा पार्किंगचा घ्या. ०.४ अँपिअर जाईल आणि आकडा २०० च्या आत राहील.

खरा ओहम हवा असेल तर एक टक्क्याचे १ ओहमवाले चार रेझिस्टर पॅरललमध्ये डाखा. झाले ०.२५. तेही त्याच माळेत दहावे म्हणून घाला आणि त्यांच्यावरचे मिलिव्होल्ट वाचा. बाकी त्रैराशिक.

घाटावरचा

वा! त्रैराशिक. पाचवीतल्या गुरुजींना आज बरं वाटलं असेल.

सौरभक्त

०.४ अँपिअर कशाला? बॅटरी चार्जरने सरळ ५ अँपिअर सोडा, आकडा मोठा येईल, चूक कमी.

निवृत्त मास्तर

सौरभक्त, इथे मी असहमत आहे. ५ अँपिअरला ०.२५५ ओहममध्ये ६.४ वॅट उष्णता होते. १७५ ग्रॅम तांब्याला एक अंश तापायला ६७ ज्यूल पुरतात. म्हणजे मिनिटाला जवळपास ६ अंश. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे ०.३९ टक्के वाढतो, सबब मिनिटाला सव्वादोन टक्के. नववी कॉईल मोजेपर्यंत सगळ्याच वेगळ्या झालेल्या असतील. शिवाय साध्या चार्जरचा करंट लहरत असतो. बॅटरी आणि छोटा बल्ब हेच उत्तम.

आणि मोजताना खोलीचं तापमान लिहून ठेवा. तक्ते २० अंशांसाठी असतात, तुमच्याकडे मे महिन्यात २० अंश कुठले!

गारठलेला

इथे स्कॉटलंडात २० अंश झाले तर आम्ही उन्हाळा म्हणून साजरा करतो, मास्तर. तक्ता आमच्याच हवेसाठी केलाय!

जाता जाता सांगतो, १२ चुंबक आणि ९ कॉइलींची ही रचना याच देशातल्या स्कोराइग नावाच्या वस्तीतून जगभर गेली. वायव्य किनाऱ्यावरचं भूशिर आहे ते. तिथे मोटाररस्ता जात नाही. होडीने जा, नाहीतर डोंगरकडेने पायी. सरकारी वीज नाही, म्हणून लोकांनी घरोघरी पवनचक्क्या उभ्या केल्या. ह्यू पिगट या गृहस्थांनी ती पद्धत सोपी करून शिकवली. व्हाळाकाठींची निकड त्या लोकांना लगेच कळेल.

व्हाळाकाठी

काल रात्री लाईट गेलेलीच होती, बॅटरीच्या उजेडात मोजायला बसलो. तारेच्या टोकांचं वार्निश आधी ब्लेडने आणि मग पॉलिश पेपरने चारी बाजूंनी काढलं. लालसर गडद रंग जाऊन फिकट गुलाबी तांबं चमकायला लागेपर्यंत घासलं. मुलगी शेजारी वही घेऊन बसली होती, मी आकडा वाचायचा आणि तिने लिहायचा. पार्किंगचा बल्ब पिवळट पेटला होता, दहा मिनिटं तसाच ठेवला.

कॉईल १: १०४.६
कॉईल २: १०४.९
कॉईल ३: १०४.२
कॉईल ४: १०४.७
कॉईल ५: १०५.१
कॉईल ६: ९८.६
कॉईल ७: १०४.४
कॉईल ८: १०४.८
कॉईल ९: १०४.५

रेझिस्टरांचा चौकडा: १०२.५. शेवटी कॉईल १ पुन्हा मोजली, १०४.५. खोलीत २८ अंश.

पहिल्यांदा कॉईल ३ वर ११९ आले होते. मास्तरांचं वाक्य आठवलं, बघतो तर पिन क्लिपवर! आत सरकवली आणि १०४.२ झाले.

पण सहावीचं काय करू? तीनदा मोजली. ९८.६ च.

अनुजा

किती सुंदर आकडे आहेत! कॉईल १ पुन्हा मोजलीत हे फार छान केलंत. बॅटरी उतरत जाते तसा करंट सरकतो, तो सरकला नाही हे त्याने सिद्ध झालं.

आधी खरा ओहम. ०.२५ गुणिले १०४.६ भागिले १०२.५ म्हणजे ०.२५५. तुमच्या कागदावरचे ०.२४८ हे २० अंशांचे, २८ अंशांना ते ०.२५६ होतात. तुमचा तक्ता खरा ठरला, आणि तुमची २४ सेंटिमीटरची सरासरीही.

आता सहावी. ९८.६ भागिले १०४.६ गुणिले ७०. उत्तर ६६ येतं. एक तर चार वेढे कमी पडलेत, नाहीतर चार वेढे आतल्या आत शॉर्ट आहेत. यातलं कुठलं ते मोटारवाले काकांचा काटा सांगेल. वजन कमी भरलं तर मोजणी चुकली. वजन पूर्ण भरलं तर शॉर्ट.

मोटारवाले

शॉर्ट असेल तर ती कॉईल अजिबात वापरू नका. कमी वेढ्यांची कॉईल एकवेळ चालेल, शॉर्ट वेढा चालत नाही. तो बंद कडं होऊन बसतो, चुंबक समोरून गेला की त्यात जोरात करंट फिरतो, गरम होतो, शेजारच्या वेढ्यांचं वार्निश जाळतो. पाणी चाक फिरवायचा प्रयत्न करणार आणि ती कॉईल ब्रेक लावून बसणार. आणि एकच वेढा शॉर्ट असेल तर ओहममध्ये फरक दीड टक्क्याच्या आत. तीन-चार अंश हवा बदलली तरी तेवढा पडतो. म्हणून आम्ही ओहमवर विसंबत नाही.

निवृत्त मास्तर

मोटारवाले म्हणतात ते खरं आहे, पण माळेच्या पद्धतीत सगळ्या कॉइली एकाच हवेत, एकाच वेळी असतात. तिथे दीड टक्काही उठून दिसतो. वरच्या यादीत बाकीच्या आठ कॉइली एक टक्क्याच्या आत आहेत, त्यामुळे एक वेढासुद्धा लपला नसता. तुमचा काटा आणि अनुजाताईंची माळ या दोन्ही मिळूनच निदान पुरं होतं.

व्हाळाकाठी

काटा आणला. कॉईल १: १७६ ग्रॅम. कॉईल ५: १७६. कॉईल ६: १६६!

म्हणजे चार वेढे कमीच. आणि का ते आता आठवलं. सहावी गुंडाळताना गोठ्यात गाय सुटली होती, फर्मा तसाच सोडून धावलो. परत येऊन अंदाजाने ‘चाळीस झाले होते’ म्हणून पुढे सुरू केलं. छत्तीसच झाले असणार.

दर्याकिनारी

दहा वेढ्यांना फर्म्यावर खडूची रेघ मारत जा. मी सायकलचा स्पीडोमीटर आणि छोटा चुंबक लावून मोजतो, आकडा चुकत नाही.

सौरभक्त

चार वेढ्यांसाठी पुन्हा गुंडाळणार का? त्या फेजमध्ये एकूण २१०, त्यातले ४ कमी. दोन टक्के! व्हाळाचं पाणीच सकाळ-संध्याकाळ त्याहून जास्त बदलतं. मी तर तशीच बसवीन आणि पुढच्या कामाला लागेन. मिरग तुमच्यासाठी थांबणार नाही.

अनुजा

सौरभक्तांचा मुद्दा वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. दोन टक्क्यांनी जनित्र बंद पडणार नाही. पण बॅटरी भरताना दोन टक्के दोनच राहत नाहीत. समजा २४ व्होल्टची बॅटरी आहे. भरताना ती २६ वर असते, त्यावर एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांचे १.४, एकूण २७.४. जनित्र ३० तयार करत असेल तर करंट ढकलायला फक्त २.६ व्होल्ट शिल्लक. दोन फेज मिळून वाट होते, त्यातली एक दोन टक्क्यांनी कमी, म्हणजे जोडीत एक टक्का, ०.३ व्होल्ट. २.६ मधले ०.३ गेले. त्या वाटेचा नववा हिस्सा करंट कमी. बाकीच्या फेजांवर तेवढा जास्त भार आणि थोडी जास्त थरथर.

तार शिल्लक असेल आणि संध्याकाळ मोकळी असेल तर मी पुन्हा गुंडाळीन.

आणि बघा, तिसरी, सहावी आणि नववी आधीच जोडून फेज म्हणून मोजली असती तर ३०७ आणि बाकीच्या ३१४, एवढंच दिसलं असतं. दोन टक्के म्हणजे हवेचा फरक असेल म्हणून आपण सोडून दिलं असतं. सुटी कॉईल मोजली म्हणून सापडलं.

घाटावरचा

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न राहिलाच की! ९० वॅट जळणार का?

अनुजा

हो, त्याच्याकडे यायलाच हवं. सहा कॉइली गुणिले ०.२५५ म्हणजे १.५३ ओहम. ५ अँपिअरला ३८ वॅट. ९० नाही, पण १२ व्होल्टमध्ये ५ अँपिअर म्हणजे ६० च्या आसपास वॅट मिळवायला ३८ जाळायचे हेही परवडणारं नाही. तेच २४ व्होल्टवर न्या. ३ अँपिअरला १४ वॅट जातील आणि बॅटरीत ७५ च्या वर पडतील. त्याच कॉइली, तेच पाणी. चाक थोडं जास्त वेगाने फिरू द्यावं लागेल, त्यासाठी पात्यांवर पडणारी धार बारीक-मोठी करून बघा.

निवृत्त मास्तर

त्यात चालू असतानाची उष्णता धरा. कॉइली ८० अंशांवर गेल्या तर तांब्याच्या सूत्राने (२३४.५ अधिक ८०) भागिले (२३४.५ अधिक २८), म्हणजे १.२ पट. १.५३ चे १.८ होतील. हेच सूत्र उलट वापरलं की जनित्र थांबवल्याबरोबर रेझिस्टन्स मोजून आत किती तापलं होतं ते काढता येतं. रेझिनच्या पोटात थर्मामीटर घालायची गरज नाही. म्हणून आजचा २८ अंशांचा आकडा स्टेटरवरच रंगाने लिहून ठेवा.

मोटारवाले

व्हाळापासून घर किती लांब? सगळे कॉईलच्या मागे लागलेत, केबल कोणी विचारली नाही.

व्हाळाकाठी

६० मीटर. घरात अडीच चौरस मि.मी.ची केबल पडून आहे.

मोटारवाले

जाऊन-येऊन १२० मीटर. अडीच चौरसला ०.८३ ओहम. कॉइलींच्या निम्म्याहून जास्त तुमची केबलच खाणार. चार चौरसची घ्या, ०.५२ होईल. आणि ती नवी केबलही एकदा त्याच माळेत लावून बघा. गेज कमी असलेली केबल बाजारात मिळते, मी स्वतः फसलोय.

दर्याकिनारी

केबल पाइपातून नीट झाकून न्या. आमच्याकडे खेकड्यांनी आणि उंदरांनी दोन्हीकडून कुरतडली.

व्हाळाकाठी

उशीर झाला, माफ करा. सहावी नव्याने गुंडाळली. मुलगी मोठ्याने मोजत होती आणि मी फिरवत होतो, दर दहाला तिने फर्म्यावर खडूची रेघ मारली. गाय आधी बांधून घेतली.

नवी सहावी माळेत १०४.५, वजन १७५ ग्रॅम. मग तीन-तीन जोडून डाख दिले आणि फेज मोजल्या. पहिली ०.७६५, दुसरी ०.७६८, तिसरी ०.७६४ ओहम. स्टार केल्यावर टोकाटोकांत १.५३३, १.५३२ आणि १.५२९. खोलीत तेच २८ अंश, आणि रेझिस्टरांचा चौकडा माळेत होताच.

काल दुपारी रेझिन ओतलं. हवा गरम असल्याने हार्डनर थोडा जपून घातला, संध्याकाळपर्यंत नख रुतत नव्हतं. आज सकाळी साचा उघडला. काचेच्या जाळीतून नऊही कॉइली दिसतायत. कडेला पांढऱ्या रंगाने ‘१.५३ / २८ अंश’ लिहिलंय.

बॅटऱ्या दोन जोडून २४ करतोय, केबल चार चौरसची सांगितली आहे. चाकाच्या पळ्या स्टीलच्या डावांच्या करतोय, त्यात धार किती जाडीची ठेवायची यावर अजून घोळ आहे. नोझल १६ मि.मी. की २०? ६ मीटर उतार आहे. मोटारवाले काका, तुम्ही पंप बघता, तुम्हाला अंदाज असेल.

मोटारवाले

६ मीटरला पाणी सेकंदाला साधारण १०.८ मीटर वेगाने सुटतं. ३ लिटर एकाच नोझलमधून काढायचे तर १९ मि.मी. च्या आसपास भोक लागेल. पाइपात आणि नोझलमध्ये थोडं घटतं, म्हणून २० चं करा. पाणी कमी झालं की १६ चं बसवता येईल असं आट्याचं ठेवा. पाइप किती इंची टाकलाय?